चिकाचा हिस्सा

२०२३ च्या जूनमध्ये, गच्चीवरचं प्लास्टिक धुऊन माळ्यावर गेल्यानंतर, मानेवाड्याच्या एक वहिनी माझ्याकडे आल्या. हातात दोन वह्या होत्या. एक हिशेबाची, लाल पुठ्ठ्याची. दुसरी मुलीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं शिवून केलेली. पाणी प्यायल्या आणि थेट विचारलं, "ताई, धंदा बंद करू का?"

धंदा तोट्यात नव्हता. निदान लाल वहीत तरी नव्हता. त्या हंगामात एकट्या कुरडयांवर २६ हजारांहून जास्त सुटले होते, उधारी तिघांकडेच होती, मालाबद्दल तक्रार एकही नव्हती. मी नागपुरात घरगुती धंद्यांचे हिशेब लिहून देते. माझ्याकडे येणाऱ्या बायका बहुतेक मार्चमध्ये येतात, कागदपत्रांपुरत्या. चार पैसे सुटत असताना जूनमध्ये येऊन असं विचारणाऱ्या या पहिल्याच. म्हणून त्यांचं प्रकरण मी तेव्हाच टिपून ठेवलं होतं. आता त्यांच्या परवानगीने, नावं न घेता, सविस्तर मांडते आहे.

घर आणि गच्ची

मानेवाडा रोडच्या आतल्या बाजूला तळमजल्याचं घर, वर मोकळी गच्ची. घरात पाच माणसं. वहिनी ३८ वर्षांच्या. त्यांचे यजमान हिंगणा एमआयडीसीत स्टोअरकीपर. सासूबाई ६७ वर्षांच्या, माहेर काटोलकडचं, शेतकऱ्याचं. मुलगी तेव्हा आठवीत, मुलगा चौथीत.

धंद्याची सुरुवात २०२० च्या लॉकडाऊनमधली. तीन महिने यजमानांचा पगार अर्धाच हातात आला. घरात वर्षाचे गहू भरलेले होते, गच्चीवर ऊन होतं, आणि कुरडया तर दरवर्षी घरापुरत्या होतातच. त्या वर्षी चार किलो जास्त केल्या आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गेल्या.

नागपूरच्या मेमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की आपण कुलरसमोरून हलत नाही. वाळवणाला मात्र तेच ऊन लागतं. सकाळी सातला घातलेली कुरडई दुसऱ्या दिवशी दुपारी टणटणीत वाजते. दमट गावात असं वाळवण घरी करणं अवघड जातं, त्यामुळे पुण्या-मुंबईला गेलेली कॉलनीतली मुलं आईकडून मागवू लागली. मग रुखवताच्या ऑर्डरी आल्या, अक्षय तृतीयेच्या आल्या. मुंगवड्या, शेवया, पापड जोडीला लागले. २०२३ पर्यंत वहिनींकडे ६२ नेहमीची गिऱ्हाइकं होती.

पुढचा सगळा हिशेब मी कुरडयांवरच मांडणार आहे, कारण धंद्याचा मोठा भाग तोच आहे आणि कष्टही त्यातच सर्वांत जास्त आहेत. ज्यांनी कुरडया फक्त तळल्या आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. गहू तीन दिवस भिजतात. रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास धरतो. मग वाटायचे, पिळायचे, गाळायचे आणि चीक, म्हणजे गव्हाचं पांढरं सत्त्व, काढायचा. चीक रात्रभर बसू द्यायचा, वरचं पिवळट पाणी हलक्या हाताने ओतून टाकायचं. पहाटे चारला आधण चढतं. त्यात मीठ, हिंग, आणि मग एकीने चीक सोडायचा, दुसरीने घोटायचं. हात थांबला की गुठळी झालीच. शिजलेला चीक काचेसारखा चकाकतो आणि पातेल्याची कड सोडतो. तो नेमका क्षण सासूबाईंना वासावरून कळतो. वहिनींना अजून नीट कळत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. त्यानंतर गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या. ऊन तापायच्या आत गच्ची भरलेली पाहिजे.

हे एका घाण्याचं झालं. २०२३ च्या हंगामात विकले गेलेले असे ३१ घाणे झाले.

अमरावतीचे सोळा दिवस

२२ एप्रिलला अक्षय तृतीया झाली. त्याआधीच्या आठवड्यात घरात कोणी पाच तासांपेक्षा जास्त झोपलं नव्हतं. सण पार पडला आणि चार दिवसांनी अमरावतीहून फोन आला. नणंदेच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं होतं. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेल्या. सोळा दिवस राहिल्या.

इकडे रुखवताच्या पाच ऑर्डरी ठरलेल्या होत्या. वहिनींनी एकटीने चीक घोटायला घेतला. पहिल्या घाण्यात गुठळ्या झाल्या. दुसरा कच्चा राहिला, कुरडया वाळल्यावर पांढऱ्या पडून मोडल्या. तिसरा छान जमला, तर दुपारी अवकाळी पाऊस आला आणि गच्चीवरून गोळा करेपर्यंत निम्मा भिजला. मुलाला ताप. यजमान रविवारी डिलिव्हरीला जरीपटक्याला गेलेले. एका नवरीच्या आईचा दिवसातून चारदा फोन.

"ताई, मी आईंवर चिडली," वहिनी मला म्हणाल्या. "तोंडानं काही बोलली नाही. मनातल्या मनात म्हटलं, आत्ताच जायचं होतं का? तिच्या सासरी माणसं नाहीत का?" थोडं थांबून म्हणाल्या, "लेकीचं पोट कापलं होतं हो. आणि मी चिकाचा विचार करून राहिली होती."

धंदा बंद करायचा विचार तिथून आला होता. पैसा, गिऱ्हाईक, गॅस, कशाचाच त्याच्याशी संबंध नव्हता. जी बाई चार हंगाम त्यांच्यासाठी पहाटे चारला उठली, ती आपल्या लेकीच्या उशाशी जाऊन बसली म्हणून तिचाच राग आला. ही गोष्ट त्यांना सहन होत नव्हती. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला तो इथे. अशा वेळी बहुतेकांना समोरच्याचाच दोष दिसत राहतो.

दुसरी वही

शिवलेली वही त्यांनी बराच वेळ मांडीवरच धरून ठेवली होती. मी विचारल्यावर पुढे केली. त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांनी मोबाइलवर कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं की रोज रात्री झोपण्यापूर्वी ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा तीन गोष्टी लिहाव्यात. तेव्हापासून त्या लिहीत होत्या.

या प्रकाराला मी नाव ठेवत नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना आभार मानावेत अशा गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या आणि काहींना त्रासाच्या. आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य एकूणात बरं चाललं आहे असं जास्त वाटलं. वहिनींचाही अनुभव तसाच होता. वही लिहून झोप चांगली लागते, म्हणाल्या.

पण मी हिशेबनीस आहे. माझी नजर वहीकडे वहीसारखीच गेली. त्यांची परवानगी घेऊन मी मार्च ते मे या ९२ दिवसांची पानं मोजली. ७१ दिवस लिहिलेलं होतं. "आईंनी चार वाजता आधण ठेवलं, मला उठवलं नाही." "आईंनी दुपारी गच्चीवर जाऊन कुरडया उलटवल्या, मी मुलाला घेऊन दवाखान्यात." "यांनी रविवारी चार ठिकाणी डिलिव्हरी केली, जेवायला साडेतीन." "आज पोरीने पाकिटं मोजून ठेवली." सासूबाईंचा उल्लेख ५८ दिवस होता, यजमानांचा ३३ दिवस, मुलीचा १२. स्वतःबद्दल एकही ओळ नव्हती.

मग मी लाल वही उघडली. तिच्यात गहू होते, गॅस होता, पिशव्या होत्या, हिंगाची डबी होती. सासूबाई कुठेच नव्हत्या. यजमान नव्हते. पेट्रोलसुद्धा नव्हतं, ते घरखर्चातून जात होतं.

दोन्ही वह्या मी टेबलावर शेजारी ठेवल्या. धंद्याचा अर्धा खर्च दुसऱ्या वहीत लिहिलेला होता, आभार म्हणून.

वहिनी काही बोलल्या नाहीत. मी विचारलं, "ही वही आईंनी वाचली आहे का?" त्यांनी नकाराची मान हलवली. कपाटात साड्यांखाली असायची. म्हणजे ५८ दिवस ज्यांचे आभार मानले, त्यांच्या कानावर त्यातला एकही शब्द गेलेला नव्हता. आपल्याकडे हे नवल नाही. घरच्या माणसाला धन्यवाद म्हणणं आपल्याला परकं वाटतं, सासूला तर जास्तच. पण आपल्या आधीच्या पिढ्यांनी न बोलता उपकार फेडण्याच्या रीती घालून दिल्या होत्या. ओटी भरायची, पहिला घास द्यायचा, सणाला माणूस थकलं असेल त्याला बसवून वाढायचं. धंदा घरात शिरला आणि हंगामात यातलं काहीच उरलं नाही. सणाच्याच दिवसांत तर घाणे जास्त.

साठ रुपये तास

इथून पुढे आम्ही दोन बैठका फक्त आकडे मांडले. ज्यांना घरातून खाण्याचे पदार्थ विकायचे आहेत त्यांनी हा भाग सावकाश वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

एका घाण्याला १० किलो गहू, ३६ रुपये भावाने ३६० रुपये. वाटणासाठी वीज ६०. गॅस ९०. मीठ-हिंग २०. त्यातून साडेचार किलो कुरडया निघत, म्हणजे अर्ध्या किलोची ९ पाकिटं. पिशवी आणि लेबल मिळून पाकिटामागे ७ रुपये, म्हणजे ६३. एकूण ५९३. वहिनी ३२० रुपये किलोने विकत होत्या, म्हणजे घाण्याचे १,४४० यायचे. सुटले ८४७. त्याला ३१ ने गुणा, २६,२५७ रुपये. लाल वहीतला नफा हाच.

मग तास मांडले. पाणी बदलणं तीन दिवसांचं मिळून १ तास, सासूबाईंचा. वाटणं-गाळणं दोघींचा दीड-दीड तास. चीक शिजवणं दोघींचा दीड-दीड. पाडणं दोघींचे दोन-दोन. उलटवणं आणि गोळा करणं दीड तास, सासूबाईंचा. पॅकिंग १ तास, वहिनींचा. पोहोचवणं दीड तास, यजमानांचा. एकूण १५ तास. त्यातले साडेसात सासूबाईंचे, ६ वहिनींचे, दीड यजमानांचा.

अर्धं काम ६७ वर्षांच्या बाई करत होत्या. वहिनींनी हा आकडा दोनदा मोजून पाहिला.

तासाला दर काय लावायचा? त्यांच्याच भागात वाळवणाला मदतीला येणारी बाई साडेसहा-सात तासांचे ४०० रुपये घेत होती. म्हणजे तासाला साधारण ६०. तोच धरला. १५ तासांचे ९०० झाले. सुटत होते ८४७. घाण्यामागे ५३ रुपये तोटा.

वहिनी म्हणाल्या, "पण घरच्या माणसाचे कुठे पैसे धरतात?"

धरतात. न्यायालयानेही धरलेले आहेत. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका कार्यक्रमात आग लागून अनेक स्त्रिया आणि मुलं गेली. नुकसानभरपाई ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या लता वाधवा खटल्यात गृहिणीच्या घरातल्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं आणि वयस्क स्त्रियांसाठीही वेगळा आकडा ठरवला. मला या निकालाचं नेहमी वाईट वाटतं ते एवढ्यासाठी की हिशेब झाला तो बाई गेल्यानंतर. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणातही दिसलं की घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि ती कामं करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. घरगुती धंदा उभा राहतो तो या २८९ मिनिटांच्या वर. तो वेळ फुकट समजून भाव ठरवला की गिऱ्हाइकाला माल स्वस्त मिळतो आणि त्याचा फरक घरातली बाई भरते. या घरात दोघी भरत होत्या.

मी वहिनींना सांगितलं की धंदा बंद करायचा की नाही हे नंतर बघू. आधी घरी जाऊन आईंना हे कागद दाखवा, आणि पुढच्या हंगामापासून घाण्यामागे ४५० रुपये त्यांच्या खात्यावर टाकायचं ठरवा.

माझा सल्ला हिशेबाला धरून होता. माणसाला धरून नव्हता, हे मला आठ दिवसांनी कळलं.

"मजुरीन समजली का वं?"

सासूबाईंनी कागद बाजूला सारला. "मले मजुरीन समजली का वं तू? तासाचे पैसे मोजतं? उद्या मी आजारी पडली तं पगार कापशीन का?" आणि दोन दिवस त्या वहिनींशी कामापुरतंच बोलल्या. वहिनी रडवेल्या होऊन मला फोनवर म्हणाल्या, "चांगलं करायला गेली आणि उलटंच झालं."

चूक माझी होती. ज्या कामाला त्या आपल्या हातचं कसब समजत होत्या, जे लेकरांसाठी करतो म्हणून करत होत्या, त्याला मी ६० रुपये तासाची चिठ्ठी लावली होती. आकडा बरोबर होता, नाव चुकलं होतं. यजमानांचा स्वभाव मिटवामिटवीचा. ते म्हणाले, जाऊ द्या, आहे तसंच चालू द्या. मीही जवळजवळ तेच म्हणणार होते.

मग सप्टेंबरात पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणून निमंत्रण देतात आणि पोळ्याला त्यांना कामाला जुंपत नाहीत, हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको. शहरातल्या या घरात बैल नाहीत. तान्ह्या पोळ्यासाठी मुलाचा लाकडी बैल तेवढा सजतो. सासूबाई त्याच्या शिंगांना बेगड लावत बसल्या होत्या. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायला कधी सुरुवात करायची, असं वहिनींनी सहज विचारलं. बैलावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "बैलाले बी वर्षातून एक दिवस जुपत नाही. मले कोणता दिवस आहे सांग."

वहिनी आत गेल्या, कपाटातली शिवलेली वही काढून आणली आणि बाजूला बसून वाचून दाखवू लागल्या. मार्चपासून. सासूबाईंना वाचता येतं, पण चष्मा त्यांनी मागितला नाही. ऐकत राहिल्या. दवाखान्याच्या दिवसाची ओळ आली तेव्हा म्हणाल्या, "हे तू लिहून ठेवलं होतं?" अमरावतीच्या दिवसांतलं एक पान असं होतं: "आज कुणाचेच आभार मानावेसे वाटत नाहीत." तेही वहिनींनी गाळलं नाही. त्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मले फोन करायचा होता. चीक कसा सोडायचा ते फोनवर सांगतलं असतं."

पैशांचा विषय त्या रात्री सासूबाईंनीच काढला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "तासाचे पैसे नोको. चीक माहा आहे. चिकाचे पैसे दे."

हे ऐकल्यावर मी लाल वहीत नवा रकाना आखला. मजुरी हा शब्द खोडला आणि "चिकाचा हिस्सा" असं लिहिलं. रक्कम तीच, घाण्यामागे ४५०. पण मजुरी घेणाऱ्याला सांगितलेलं काम करावं लागतं, हिस्सेदाराला नाही म्हणता येतं. सासूबाईंना हा फरक माझ्याआधी कळला होता, कारण त्यांनी लगेच पुढचं ठरवून टाकलं. आठवड्याला दोनच घाणे. ज्या आठवड्यात त्या नसतील त्या आठवड्यात कुरडई नाही, मग समोर नवरीची आई असो की कोणी. आणि अक्षय तृतीयेच्या दिवशी गच्चीवर काही वाळणार नाही, त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी बसून आमरस खायचा.

पुढचा हंगाम

हिवाळ्यात कागदांची कामं केली. अन्नपदार्थ विकताना लागणारी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी वहिनींकडे नव्हती. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना तेव्हा परवान्याऐवजी नुसती नोंदणी पुरे होत असे, फी वर्षाला १०० रुपये. ती केली, लेबलवर १४ अंकी क्रमांक, घटक, वजन, तारीख आणि हिरवा ठिपका आला. छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी उद्यम नोंदणीला तर फी नसतेच. सासूबाईंचं जनधन खातं जुनं होतं, पासबुक भरून आणलं.

भाव ठरवणं अवघड गेलं. ५९३ अधिक ९०० म्हणजे घाण्याला १,४९३, किलोला जवळजवळ ३३२ रुपये पडत होते. मोडतोड, वाया गेलेले घाणे आणि वाईट दिवसांसाठी काही उरायला हवं. ४२० वर आलो. वहिनींना शंभर रुपये एकदम वाढवायची लाज वाटत होती. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करताना त्यांनी भाव वाढल्याची माफी मागू नये, एवढंच मी सांगितलं. त्यांनी कारण सांगितलं: पहाटे चारला उठणाऱ्या माणसाचा वाटा आता भावात धरला आहे.

६२ पैकी १७ जणांनी त्या वर्षी घेतल्या नाहीत. त्यातल्या दोघी कॉलनीतल्याच, समोर भेटणाऱ्या. त्याचं वहिनींना फार लागलं, आणि ते खरंच लागण्यासारखं आहे. घरगुती धंद्यात गिऱ्हाईक तुटतं तेव्हा बहुधा शेजारही दुरावतो.

रविवारची डिलिव्हरी बंद झाली. शनिवारी संध्याकाळी ५ ते ८ दारातून माल न्यायचा, घरपोच हवा असेल तर ४० रुपये वेगळे. त्या तीन तासांत यजमान दाराशी बसतात, पाकिटं देतात, पैसे मिळाल्याचा मेसेज बघतात. रविवारी सकाळी आता ते मुलाला घेऊन अंबाझरी तलावावर जातात. हे माझ्या योजनेत नव्हतं, पेट्रोल वाचवायला केलं होतं.

२०२४ चा हंगाम मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत ११ आठवड्यांचा झाला. घाणे २२. कच्च्या मालाचा भाव थोडा चढला होता, पण तुलना सरळ राहावी म्हणून मी खर्च जुनाच, ५९३ धरते. घाण्याला १,८९० आले, म्हणजे खर्च जाऊन १,२९७. बावीस घाण्यांचे २८,५३४. आदल्या वर्षी ३१ घाण्यांत २६,२५७ सुटले होते. काम ४६५ तासांवरून ३३० तासांवर आलं. २८,५३४ मधले ९,९०० सासूबाईंच्या खात्यावर गेले. वहिनींनी स्वतःचे ७,९२० वेगळे काढले, पाच हंगामांत पहिल्यांदा. १,९८० यजमानांच्या नावे पडले, ते त्यांनी गाडीच्या सर्व्हिसिंगला वापरले. उरलेले ८,७३४ धंद्यात राहिले, पुढच्या वर्षी मोठं पातेलं आणि गच्चीवर सावलीची जाळी घ्यायची म्हणून.

सासूबाईंनी पहिले पैसे काढले ते जूनमध्ये. नणंद माहेरपणाला आली होती. तिला साडी घेताना त्यांनी मुलाकडे पैसे मागितले नाहीत. वहिनींनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. आजवर लेकीला काही द्यायचं तर त्यांना मुलाच्या पगाराचा दिवस बघावा लागे, हे घरात सर्वांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

१० मेला अक्षय तृतीया होती. गच्ची रिकामी होती. आदल्या संध्याकाळी वहिनींनी सासूबाईंचे खांदे तेल लावून चोळून दिले. "पोया आजच आला का वं?" असं त्या म्हणाल्या आणि दोघी हसल्या, एवढंच मला सांगितलं गेलं. शिवलेली वही अजून चालू आहे. साड्यांखाली नसते, फ्रिजवर असते. कोणीही वाचतं.

जे सुटलेलं नाही

चीक शिजल्याचा वास वहिनींना अजून येत नाही. सासूबाई २०२४ च्या हंगामात त्यांचं पळीवरचं बोट धरून शिकवत होत्या, पण ६७ ची बाई तोवर ६८ ची झाली होती आणि गुडघे दुखतात. त्या थांबतील तेव्हा कुरडई थांबेल, हे दोघींना माहीत आहे. मी मदतीला बाई ठेवायचं सुचवलं, दर भावात धरलेलाच आहे. वहिनी तयार आहेत. सासूबाईंना परक्या हाताचा चीक मान्य नाही. तो वाद मिटलेला नाही आणि मी त्यात पडत नाही.

मुलाची तक्रार अशी की मे महिन्यात आई चिडकी असते. ती खरी आहे. घाणे कमी झाले तरी पहाटे चारची झोप तुटतेच. दुपारी दोन ते चार फोन बंद ठेवून त्याच्याजवळ पडायचं ठरलं होतं. ११ आठवड्यांत ते निम्मे दिवसही जमलं नाही, असं वहिनींनी प्रामाणिकपणे सांगितलं.

आणि मुलीचं. २०२४ मध्ये पाकिटं १९८ झाली. सगळी लेबलं तिने लावली, सरळ, एकही वाकडं नाही. हंगाम संपल्यावर तिने विचारलं, "आजीला चिकाचे मिळतात. मला लेबलांचे?" आजी लगेच म्हणाली, "दे तिले." वहिनी अडखळल्या. आज लेबलांचे दिले तर उद्या पोळ्या लाटायचे मागेल का, घरच्या मुलीने कुठवर मोजायचं, आणि न मोजलं तर आईंसारखंच होईल का, हे तिन्ही प्रश्न त्यांनी मला एका दमात विचारले. मी दिवाळीपर्यंत वेळ मागून घेतला आहे. लाल वहीच्या शेवटच्या पानावर मुलीच्या अक्षरात एक नोंद आहे: "लेबलं १९८." पुढचा रकाना अजून कोरा आहे.